नुसता पूल जाड करून भागत नाही

"पुलाला शॉकअप कशाला, पूलच जाडजूड बांधा" असं काही जण म्हणतात, पण ते तितकं सरळ नाहीये. लंडनचा मिलेनियम ब्रिज हा पायी चालायचा पूल जून २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद, कारण पूल जरा आडवा हलला की लोक तोल सांभाळायला नकळत त्याच तालात पाय टाकायचे आणि हेलकावा अजून वाढायचा. शेवटी हेलकावा शोषणारे डँपर, म्हणजे ३७ व्हिस्कस डँपर आणि ५० च्या वर ट्यून्ड मास डँपर (स्प्रिंगवर बसवलेली वजनं, जी पुलाच्या उलट हलतात) बसवले तेव्हा २००२ मध्ये परत चालू झाला.

व्हिस्कस डँपर म्हणजे गाडीच्या शॉकअपचाच थोरला भाऊ, पिस्टन घट्ट तेलाला बारीक भोकातून ढकलतो. आणि खरी गंमत, उन्हाने पूल हळूहळू लांबतो तेव्हा हा डँपर त्याला जवळपास अडवतच नाही, झटका बसला की मात्र जोर लावून धरतो.