बायकांना मनाई असलेला किल्ला

मेघना (प्राग): काल रात्री कार्लश्टेन किल्ल्यावर नाटक पाहिलं! अंगणातच, उघड्यावर. प्रागहून गाडीने पाऊण तास, मग पायी चढण. उन्हाळा म्हणे, पण शाल लागली.

प्रकाशकाका: ऐतिहासिक का?

मेघना: ऐतिहासिक कसलं काका, निव्वळ धमाल. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक भागाचा, राजा चौथा कार्ल, त्यानेच 1348 मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. नाटकात त्याचा हुकूम, किल्ल्यावर बाई दिसता कामा नये. मग राणी एलिझाबेथच सेवक पोऱ्याच्या वेशात घुसते. आणखी एक मुलगी तशीच आलेली, पैज लावून. त्यात सायप्रसचा राजा पाहुणा, त्याला बरोबर वास लागतो 😄 चेक मला जेमतेम येतं, तरी पोट दुखेपर्यंत हसले.

शुभाआत्या: आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसायचे, तिकडे राणी तुमान घालते. फिट्टंफाट!

प्रकाशकाका: पण अशी बंदी खरंच होती का? की लेखकाच्या मनचं?

मेघना: अर्धी खरी. 1357 च्या सनदेत आहे, मोठ्या बुरुजात कुणी बाईबरोबर झोपायचं नाही, लग्नाची बायको असली तरी. वर पवित्र क्रुसाचं चॅपेल ना, तिथे संतांचे अवशेष आणि पवित्र रोमन साम्राज्याची राजचिन्हं ठेवायचे, कार्ल त्याचा सम्राटही होता. हे नाटक 1884 चं, लेखक यारोस्लाव व्रख्लित्स्की. त्याने ती बंदी अख्ख्या किल्ल्याला लावून टाकली.

आई: म्हणजे देवघराजवळचं सोवळं. मग सरळ सोवळं म्हण की.

मेघना: हो आई, तेच!!

स्नेहावहिनी: ही राणी कितवी गं?

मेघना: चौथी. 1363 मध्ये लग्न झालं. तो 47 चा, ही सोळा-सतराची.

आई: चार लग्नं केली, आणि वर बायकांना मनाई!

प्रकाशकाका: राजकारण असतं वहिनी. प्रत्येक लग्नामागे एखादा मुलूख.

शुभाआत्या: आला हा बाजू घ्यायला.

मेघना: पण ही राणी साधी नव्हती हं. घोड्याची नाल नुसत्या हातांनी मोडायची, असं तेव्हाच्या बखरकाराने लिहून ठेवलंय.

प्रकाशकाका: बखरकार काहीही लिहितात.

शोभाकाकू: मेघना, येताना एक नाल आण.

प्रकाशकाका: अगं, दारावर आहे की एक.

शोभाकाकू: दारासाठी नकोय.

प्रकाशकाका: 🙏