तिकीट डकवायच्या मशीनला मराठीत काय म्हणायचं?

अमेरिकेतल्या जुन्या ऑफिस मशीनींबद्दल लिहून राहिले अन् एका शब्दापाशी अडले. १९०० नंतरच्या दशकात तिथं हातात धरायची मशीन निघाली, आत टपाल तिकिटांची गुंडाळी, वरून दाबलं की एक तिकीट ओलं होऊन, कापून पाकिटावर बसतं. ऑफिसात सगळे म्हणतात ‘फ्रँकिंग मशीन’ लिही. बरोबर आहे का?

--

नाही ताई, फ्रँकिंग वेगळं. त्यात तिकीटच नसतं, मशीन रकमेचा ठसा छापते अन् आतलं मीटर हिशोब ठेवतं. आर्थर पिटनीनं १९०२ मध्ये पेटंट घेतलं, अमेरिकी टपाल खात्याची मंजुरी १९२० ला. आपल्याकडे करारनामा फ्रँक करून आणा म्हणतात, तिथंही ठसाच नं. तुमच्या मशीनची गोष्ट त्या मंजुरीच्या आधीची. १८४० ची पेनी ब्लॅक, म्हणजे इंग्लंडचं पहिलं टपाल तिकीट, कात्रीनं कापावी लागायची, तिकिटांच्या पानांवर छिद्रांच्या ओळी नंतर आल्या, पण ती पानंही मशीनला चालेनात. मग डेट्रॉइटच्या शेरमॅकसारख्या कंपन्यांनी बिनछिद्राची पानं घेऊन स्वतःच्या खाचा पाडल्या, त्या खाचांवरून संग्राहक आजही कंपनी ओळखतात. १९०८ पासून सरकारीच गुंडाळ्या मिळू लागल्या. वेळ तर वाचायचाच, शिवाय तिकिटं आत कुलपात, त्यामुळे चोरीही थांबायची.

--

मग ‘चिपकवणी’ म्हणा. आपण नागपूरचे लोक चिपकवतोच.

--

चिपकवणं घरात गोड आहे भाऊ, मीही तेच बोलतो, पण ते हिंदीतून आलं. कागद खळ लावून पूर्ण बसवायला आपल्याकडे ‘डकवणे’ आहे, तोच नेमका. सिव्हिल लाईन्सच्या जीपीओत टेबलावर डिंकाची बाटली असायची, तिकिटाच्या पाठीवर बोट फिरवायचं, चारही कोपरे अंगठ्यानं दाबायचे, डिंक नखात वाळून बसायचा. त्याला डकवणं म्हणतात. चिकटवणं म्हणजे एक कोपरा लागला तरी चालतं. आणि किसणी, गाळणी, चाळणी तशी ‘डकवणी’, हातात मावणारं अवजार, म्हणून तर मला हाच शब्द पटतो.

--

पण पेरणी, कापणी, लावणी यात ‘णी’ म्हणजे काम, अवजार नाही. नुसतं डकवणी वाचून लोकांना डकवायचं काम वाटेल.

--

हे खरंय. मग पहिल्यांदा ‘तिकीट डकवायचं हातयंत्र, म्हणजे डकवणी’ असं पूर्ण लिहिते, पुढं नुसतं डकवणी. फ्रँकिंग फक्त ठशाला ठेवते.