मदत हवी आहे : मधुमेह असलेल्या आईचे ट्रायग्लिसराइड वाढले आहे, सोयाबीनच्या वड्यांवर तीन महिने थांबावे का?

सर्वांना नमस्कार.

आम्ही लालबागला राहतो. माझी आई ६२ वर्षांची असून तिला गेली ११ वर्षे टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन नियमित चालू आहे, शिवाय थायरॉइडची गोळी ती रोज सकाळी सहाला उपाशीपोटी घेते. गेल्या महिन्यात बारा तास उपाशी राहून दिलेल्या रक्ताचा अहवाल असा आला : एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २४५, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३७, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२६ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.९. डॉक्टरांनी एटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी लिहून दिली. ती पट्टी आजही फ्रिजवरच्या डब्यात, एकही गोळी न काढलेली अशी पडून आहे.

आईचे म्हणणे असे, की गोळी एकदा मागे लागली की सुटत नाही. तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने सोयाबीन खाऊन कोलेस्टेरॉल उतरल्याचे सांगितल्यापासून तिने माझ्याकडे तीन महिन्यांची मुदत मागितली आहे. माझ्या मामांची ५८व्या वर्षी बायपास झाली, तेव्हा रुग्णालयाच्या बाकावर आम्ही दोघींनी काढलेली रात्र मला आठवते, आणि म्हणून ही मुदत द्यायला माझे मन धजत नाही. तरीही आई स्वतःहून आहार बदलायला तयार झाली आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते आणि ती मोडून काढायची नाही. म्हणून या विषयावर जमेल तेवढे वाचून मग येथे विचारत आहे.

वाचनातून समजले ते असे. सोया प्रथिनाची कीर्ती पसरली ती मुख्यतः १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन विश्लेषणामुळे. त्यात ३८ चाचण्या एकत्र करून एलडीएल सुमारे १३ टक्के आणि ट्रायग्लिसराइड सुमारे १०.५ टक्के उतरल्याचे दिसले होते; मात्र त्या चाचण्यांत माणसे दिवसाला सरासरी ४७ ग्रॅम सोया प्रथिन खात होती, आणि ज्यांचे कोलेस्टेरॉल मुळातच फार चढलेले होते त्यांनाच अधिक गुण आला होता. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनाचा हृदयाला फायदा होऊ शकतो, असे वेष्टनावर छापायला परवानगी दिली. पुढे २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने २२ चाचण्या तपासल्या, तेव्हा एलडीएलमधली घट जेमतेम ३ टक्के भरली आणि ट्रायग्लिसराइड व एचडीएलवर काही परिणाम दिसला नाही. २०१७ मध्ये तर त्याच प्रशासनाने आपली परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

मधुमेहींवरचे अभ्यास मोजकेच सापडले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील एका अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या २० रुग्णांना सहा आठवडे रोज ५० ग्रॅम सोया प्रथिन दिले होते. त्यात एलडीएल सुमारे १० टक्के आणि ट्रायग्लिसराइड सुमारे २२ टक्के उतरले. हे वाचून क्षणभर मला आईचेच बरोबर वाटले. पण रुग्णांना दिलेल्या त्या मिश्रणात प्रथिनाबरोबर आयसोफ्लेव्होन (सोयातले एक नैसर्गिक द्रव्य) आणि २० ग्रॅम सोयाचा तंतूही होता, त्यामुळे गुण नेमका कशाचा हे सांगता येत नाही.

मग मी घरातला काटा काढला. आई रोज एक वाटी सुक्या वड्या भिजवते, फेस जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांतून पिळते आणि रश्श्यात सोडते. भिजल्यावर कढई भरल्यासारखी दिसते खरी, पण ती वाटी कोरडी असताना भरली २२ ग्रॅम. पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रथिन लिहिले आहे, म्हणजे आईच्या पोटात जाते साधारण साडेअकरा ग्रॅम. २५ ग्रॅमसाठी रोज दोन वाट्यांहून अधिक, आणि डेन्मार्कच्या मापासाठी चार वाट्यांहून अधिक सुक्या वड्या खाव्या लागतील. आमच्या घरात हे कोणालाही महिनाभर जमणार नाही. शिवाय वड्या रस्सा शोषून घेतात, म्हणून त्यांना तेल आणि वाटणही जास्त लागते, ते वेगळेच.

आणखी एक गोष्ट मला खटकते. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार मासळीचे आणि रविवार मटणाचा. सोया सुरू झाल्यापासून आईने बुधवार-शुक्रवारचा बांगडा बंद केला, रविवारचे मटण मात्र चालूच आहे. मटणाच्या जागी वडी आली तर संपृक्त चरबी कमी होईल हे मला समजते. पण बांगड्यात ट्रायग्लिसराइड उतरवायला मदत करणारे ओमेगा-३ असते आणि आईचा चढलेला आकडा तर ट्रायग्लिसराइडचाच आहे. मग हा बदल उलट्या दिशेने तर होत नाही ना?

आता विचारायचे ते इतकेच. ज्याचे एलडीएल मध्यम आणि ट्रायग्लिसराइड जास्त, अशा मधुमेही माणसाने केवळ सोयावर विसंबून तीन महिने थांबणे योग्य आहे का? थायरॉइडच्या गोळीशी सोयाचा काही संबंध येतो का? आई सकाळी सातला सोयाचे पीठ घातलेले धिरडे खाते. आणि ज्यांनी आपल्या आईवडिलांना अशी गोळी घ्यायला राजी केले असेल, त्यांनी ते कोणत्या शब्दांत केले, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, तरी अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो एक पाऊल पुढे न्या. १२६ एलडीएलमधून ३ टक्के गेले तर उरतात १२२. एटोरवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने साधारण एक तृतीयांशाहून अधिक घट होते, म्हणजे आकडा ८०च्या आसपास येऊ शकतो. हे दोन आकडे आईंसमोर कागदावर लिहून ठेवा. सोया बंद करू नका, ते गोळीच्या जोडीला राहू द्या आणि रविवारच्या मटणाच्या जागी आणा. बांगडा परत सुरू करा, फक्त तळू नका.

धिरड्याबद्दल मात्र लगेच हालचाल करा. सोया थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी करू शकते, आणि थायरॉइड कमी पडले की एलडीएल आपोआप चढते. म्हणजे ज्यासाठी खायचे तेच बिघडायचे. सोया दुपारच्या जेवणात घ्या, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. ११ वर्षांचा मधुमेह आहे, तेव्हा प्रथिन वाढवण्याआधी मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झाली आहे का, तेही पाहा. आणि ट्रायग्लिसराइडसाठी आधी साखर बघा. इन्सुलिन नीट लागू पडत नाही तेव्हा यकृत रक्तात जास्त चरबी सोडते, त्यामुळे एचबीएवनसी उतरले की हाही आकडा बहुधा उतरतो. रात्रीच्या भाताचे माप किती, ते तुम्ही लिहिलेले नाही.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. रात्रीचा भात दोन वाट्या असतो, आणि तो मी लिहिला नाही कारण माझ्या लक्षातच आला नव्हता. धिरडे आजपासून बंद करून सोया दुपारी केले आहे. लघवीची तपासणी दोन वर्षांत झालेली नाही. ती, क्रिएटिनिन आणि टीएसएच शनिवारी करून घेत आहोत. १२२ आणि ८० हे आकडे लिहिलेला कागद आईने बराच वेळ हातात धरला आणि विचारले, "वड्या सोडाव्या नाही ना लागणार?" नाही म्हटल्यावर, डॉक्टरांना एकदा स्वतः विचारून मग गोळी सुरू करीन, असे ती म्हणाली आहे. सोमवारची वेळ घेतली आहे. तपासण्यांचे आकडे आले की येथेच लिहीन.