रूफ रॅक, सनरूफवाली छोटी गाडी आणि पडद्याचे पाइप

विषय: रूफ रॅक – सनरूफवाली गाडी – अर्जंट
बाळू:
मंडळी, आपल्या मंडळाच्या पडद्याचे पाइप यंदा माझ्या गाडीतून जाणार हे ठरलंय (का ठरलं त्यात परत नको शिरायला). आठ फुटी पाइप आत मावत नाहीत, पुढची सीट आडवी पाडून बघितली तरी डिकीचं दार लागत नाही. म्हणून टपावर रॅक. गाडी छोटी हॅचबॅक, टपावर रेल (दोन्ही कडांच्या लांब दांड्या) नाहीत, सनरूफ आहे. साइटवर मॉडेल टाकलं की एक जण म्हणतो बसतं, दुसरा त्याच रॅकखाली बारीक अक्षरात लिहितो 'काचेचं छत नसलेल्या गाडीसाठी'. आता कोणाचं ऐकायचं? मला एवढंच सांगा, रॅक लावल्यावर सनरूफ उघडता येतं का नाही. ब्रँड थुली घेऊ का याकिमा ते नंतर बघू. आणि नाना, तुमच्या गॅरेजमधला मंडळाचा रॅक चालेल का?

पुन: रूफ रॅक
नाना:
चालणार नाही. तो उंच रेलवाल्या गाडीचा आहे, म्हणजे रेल आणि टप यांच्यात हात जाईल एवढी फट लागते, त्याचे पाय त्या रेलला खालून कवटाळतात. तुझ्या गाडीला रेलच नाहीत तर कवटाळणार काय. आणि तो 'माझ्या गॅरेजमधला' नाही, मंडळाचा आहे, माझ्याकडे फक्त ठेवायला दिलाय. नेताना वहीत सही करायची असते. मागच्या सहलीनंतर त्याची एक किल्ली परत आलेली नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीय.

पुन: पुन: रूफ रॅक
ताई:
बाळू, ब्रँड खरंच शेवटी बघ. आधी दार उघड आणि दाराच्या वरच्या चौकटीत, रबराच्या आतल्या बाजूला बोट फिरव. काही गाड्यांना तिथे किंवा टपावरच्या प्लास्टिक पट्टीच्या झाकणाखाली चार ठिकाणी बोल्ट बसवायची जागा असते, तिला फिक्स पॉइंट म्हणतात. असेल तर फिक्स पॉइंटचेच पाय घे, रॅक हलत नाही आणि पुढचा मागचा बार (टपावरची आडवी दांडी) कुठे यायचा ते कंपनीनेच ठरवून ठेवलेलं असतं. नसेल तर क्लॅम्पवाला, म्हणजे दाराच्या चौकटीला वरून आकडा अडकवून आवळायचा. पाय आणि बार बऱ्याच गाड्यांना तेच चालतात, पण आकडा आणि खालचं रबर (किट म्हणतात ते) तुझ्या मॉडेलचंच लागतं, कारण प्रत्येक टपाचा बाक वेगळा. दुसऱ्याच्या गाडीचं किट 'थोडं आवळलं की बसतं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता सनरूफ. सनरूफ कुठल्या जातीचं आहे ते आधी बघ. काच मागे सरकून टपाच्या आत, अस्तराच्या वर जात असेल तर सरकवताना बारशी संबंध येत नाही, फक्त मागची कड वर उचलून टिल्ट करताना ती बारला लागेल का ते बघायचं. पण काच वर उचलून टपाच्या बाहेरून मागे जात असेल (मोठ्या पॅनोरॅमिकमधे, म्हणजे जवळजवळ सगळं टप काचेचं असतं त्यात, बरेचदा तसंच असतं) तर बार सरळ तिच्या वाटेत येतो. मग रॅक असेपर्यंत सनरूफ बंद. अशा गाड्यांत रॅक बसतो पण सनरूफ वापरता येत नाही, त्यामुळे तुझ्या दोन्ही साइट कदाचित आपापल्या परीने बरोबर आहेत. आणि काही गाड्यांच्या मॅन्युअलमधे काचेचं छत असेल तर रॅक लावूच नका असं स्पष्ट दिलेलं असतं. ते पान आधी शोध. तसं लिहिलं असेल तर ही सगळी चर्चा इथेच थांबव.

पुन: पुन: पुन: रूफ रॅक
भाऊ:
ताईंनी छान सांगितलं पण आवाजाचं कोणीच बोलत नाही!! चौकोनी बार घेऊ नकोस, हायवेवर शिट्टी वाजते ती डोक्यात जाते, विमानाच्या पंखासारखा आकार असतो तो घे, आणि त्यात पुढची मागची बाजू असते, उलटा बसवला तर चौकोनीच बरा होता म्हणायची वेळ येते. बारच्या वरच्या खाचेत रबराची पट्टी येते ती मापाने कापून पूर्ण खाचेत भरायची, लोक ती खोक्यातच ठेवतात आणि मग इथे येऊन विचारतात आवाज का येतो. पट्ट्याला एक पीळ दिला की तोही फडफडत नाही. आणि सनरूफ उघडं ठेवून रॅकसकट पळवलीस तर कानात धप धप होतं ते वेगळंच, मागची खिडकी बोटभर उघडली की थांबतं. त्यामुळे उघडतं का नाही हा प्रश्नच गैरलागू आहे, उघडायचंय कशाला?

पुन: रूफ रॅक – उघडायचंय कशाला
बाळू:
भाऊ, सामान पोचवल्यावर रॅक गाडीवरच राहणार ना, दर वेळी कोण काढतंय. आणि उन्हाळ्यात मला ते उघडं लागतं. गाडी घेतानाच त्यासाठी घेतलीय.

पुन: रूफ रॅक – काढून ठेवा
खजिनदार:
नुसता रॅक वर ठेवूनही पेट्रोल जातं, बॉक्स लावला तर फारच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या इंधन-बचतीच्या साइटवर आकडे आहेत: टपावरच्या मोठ्या बोजड बॉक्सने शहरात २ ते ८ टक्के, हायवेवर ६ ते १७ टक्के आणि ताशी ६५-७५ मैलांच्या वेगात १० ते २५ टक्के मायलेज घटतं. मागे लावायच्या कॅरिअरने हायवेवरसुद्धा १ ते ५ टक्केच. म्हणून मी तेव्हाही म्हटलं होतं की टपावर नको, मागे हिच (कॅरिअर अडकवायचा मागचा जोड) लावा, पण मीटिंगमधे कोणी ऐकलं नाही आणि मिनिट्समधेही ते आलेलं नाही. असो. रॅक मंडळाच्या खात्यातून घेणार असाल तर आधी मला मेल करा, घेऊन मग पावती पाठवू नका. आणि एका माणसाच्या गाडीलाच बसणारं किट मंडळाने का घ्यायचं हाही मुद्दा आहेच.

पुन: पुन: रूफ रॅक – काढून ठेवा
भाऊ:
हिचवर आठ फुटी पाइप आडवे न्यायचे का? गाडीपेक्षा रुंद होतील.

पुन: रूफ रॅक
चिमी:
मी नवीन आहे लिस्टवर, पण तो हवा भरायचा सॉफ्ट रॅक मिळतो ना? दोन पॅड टपावर ठेवायचे, पट्टे दारातून आत घेऊन बांधायचे, किट वगैरे काही नको. आमच्याकडे आहे, हवा तर देते.

पुन: पुन: रूफ रॅक
ताई:
चिमी, स्वागत. एरवी सर्फबोर्डला वगैरे छान आहे तो. पण त्यात सगळं वजन पॅडमधून थेट टपावर येतं आणि बाळूच्या टपाचा मोठा भाग काच आहे, पाइपचं वजन काचेवर टेकवायचं नाही. क्लॅम्पवाल्या बारमधे वजन दोन्ही बाजूंच्या चौकटीवर जातं, काचेला काही लागत नाही. शिवाय पावसात ते पट्टे ओले झाले की पाणी पट्ट्यावरून आत ओघळतं, सीटवर.

पुन: पुन: पुन: रूफ रॅक – पाणी
नाना:
पाण्याचं म्हणाल तर क्लॅम्पवाल्यानेही येतं. आमच्या आधीच्या गाडीला रॅक लावला आणि पुढच्याच पावसात आरशाजवळच्या दिव्यातून थेंब थेंब. तेव्हापासून मी सनरूफवाल्या गाडीला रॅक लावूच नये या मताचा आहे.

पुन: पाणी
भाऊ:
नाना तो रॅकचा दोष नाही हो. सनरूफची काच पूर्ण वॉटरप्रूफ नसतेच, कडेने थोडं पाणी आत जातं ते खालच्या पन्हाळीत पडतं आणि कोपऱ्यातल्या बारीक नळ्यांतून खांबाच्या आतून चाकांजवळ बाहेर पडतं. पानं, धूळ जाऊन त्या नळ्या तुंबल्या की पन्हाळ भरते आणि दिव्यातून गळतं. तुमची गाडी कायम त्या झाडाखाली असायची. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यात वाटीभर पाणी हळू ओता, खाली चाकापाशी आलं तर नळी साफ. नाही आलं तर जोरात हवा मारू नका, आतला सांधा निसटतो, मग पाणी पायाखालच्या कार्पेटमधे.

पुन: पुन: पाणी
नाना:
झाडाचा काय संबंध. रॅक काढल्यावर गळणं थांबलं होतं.

पुन: पुन: पुन: पाणी
भाऊ:
पाऊसही थांबला होता.

पुन: रूफ रॅक – मोजलं
बाळू:
पाण्याचं तुम्ही दोघं वेगळीकडे बोला ना प्लीज. मॅन्युअल सापडलं. रॅकला मनाई नाही. टपावर जास्तीत जास्त ५० किलो, रॅकचं वजन धरून. फिक्स पॉइंट नाहीत, म्हणजे क्लॅम्प. काच टपाच्या आत सरकते, बाहेरून नाही. शेजाऱ्याकडे त्याच मॉडेलला क्लॅम्पवाला रॅक आहे तर त्याच्या गाडीवरच बघून आलो. काचेच्या मागच्या कडेवर मातीचा (मुलांच्या खेळण्यातल्या) गोळा चिकटवला, आतून एकाने हळूहळू टिल्ट केलं, मी बाहेरून डोळा लावून उभा. गोळा बारखाली दबला पण काच लागली नाही, दबलेला गोळा करंगळीएवढा जाड राहिला. म्हणजे टिल्ट होतं, सरकतंही. पण त्याचा पुढचा बार सूचनापत्रकातल्या मापावर आहे, अजून मागे घेतला असता तर लागलाच असता.

पुन: पुन: रूफ रॅक – मोजलं
ताई:
हे बेस्ट केलंस. फक्त ते रिकाम्या बारचं माप आहे. पाइप बांधल्यावर पट्ट्याची टोकं खाली लोंबतात, रॅचेटचं (पट्टा आवळायच्या खटक्याचं) धूड बारखाली येतं, तेव्हा सामान वर असताना सनरूफला हात लावायचा नाही. त्या बटनावर चिकटपट्टी मार, मागे बसलेलं कोणीतरी पुढे वाकून हमखास दाबतं. वजनाचं म्हणशील तर पाइप घेऊन वजनकाट्यावर उभा राहा, मग पाइपशिवाय, फरक काढ. पाय आणि बार मिळून पाच-सहा किलो धर. ५० हा आकडा गाडीचा, रॅकचा वेगळा असेल, दोन्हीतला लहान घ्यायचा. दोन बारमधलं अंतर किटच्या कागदावर असेल तेच ठेव. आठ फूट म्हणजे २४४ सेंटीमीटर, बारमधे ७० धरलेस तरी दोन्हीकडे मिळून पावणेदोन मीटर बाहेर राहतं. बारवर दोन पट्टे पुरणार नाहीत, पाइपची पुढची आणि मागची टोकं गाडीच्या टोइंग हुकाला दोरीने बांध. नाहीतर जोरात ब्रेक मारलास की पाइप तुझ्या आधी पुढे जातील. थोडं अंतर गेल्यावर थांबून क्लॅम्प परत आवळ, रबर दबतं तेवढं ढिलं होतं.

पुन: रूफ रॅक – किट
खजिनदार:
पाय आणि बार मंडळाने घ्यावेत, किट बाळूने. म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या गाडीला त्याचं किट लावून चालेल. कोणाची हरकत असेल तर उद्यापर्यंत लिहा. हरकत म्हणजे हरकत, अनुभव नको.

पुन: पुन: रूफ रॅक – किट
नाना:
हरकत नाही. बार माझ्याकडे ठेवायला जागा आहे, जुन्या रॅकशेजारी. वहीत नवीन पान करतो. पट्टे आपले चार आहेत, त्यातल्या एकाचं रॅचेट अडकतं, तो बाळूला देणार नाही. आणि ती किल्ली अजून आलेली नाही.