मेल खातं कुलूपबंद, ओटीपी भलत्याच्याच फोनवर. डोमेन वाचवायचं कसं?

कळफलक

मंडळी, जरा निकडीचं आहे. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं की "आधी सगळं नीट सांगा" असं इथे कुणीतरी म्हणतंच.

माझा मराठीत एक छोटा तंत्रज्ञान ब्लॉग आहे. युनिकोड टायपिंग, प्रिंटर जोडाक्षरं का फोडतो, फोनमधल्या कुठल्या परवानग्या बंद कराव्यात, असले विषय. वाचक बेताचेच, पण "पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की कचरा का येतो" हा लेख शोधत लोक अजूनही येतात. जाहिराती ठेवलेल्या नाहीत. सगळा खर्च पदरचा, त्यामुळे घरात याला हौस म्हणतात, तेही जरा चिडूनच.

ब्लॉग वर्डप्रेसवर. होस्टिंग (ब्लॉगच्या फाइली ठेवायची जागा) एका कंपनीकडे, डोमेन (ब्लॉगचा पत्ता, डॉट कॉम) दुसरीकडे. दोन्हीकडचं लॉगिन एकाच ईमेलवर, आणि तो ईमेलच आता उघडत नाही.

झालं असं. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीला होतो आणि मोबाइल नंबर कंपनीच्या नावावर होता. निवृत्त झाल्यावर नंबर परत गेला. नवा घेतला, बँक, गॅस, मेल, सगळीकडे बदलला. मेलवाल्यांचा "बदल नोंदवला" असा निरोपही आला होता. गेल्या आठवड्यात घरचं ब्रॉडबँड बदललं आणि मेल उघडायला गेलो तर "संशयास्पद लॉगिन, कोड पाठवला आहे". कुठे पाठवला? शेवटचे दोन आकडे जुन्या नंबरचे! "दुसरा मार्ग वापरा" दाबलं की फिरून तोच पडदा.

शेवटी स्वतःच्याच जुन्या नंबरवर फोन लावला. पलीकडे पादरा गावचे एक गृहस्थ, मागे ट्रॅक्टरचा आवाज. अगदी सज्जन माणूस. म्हणाले, "मेसेज तो आवे छे भाई, पण टीव्ही पर कहे छे के ओटीपी कोईने आपवो नहीं." आता यावर मी काय बोलणार? ब्लॉगवर मीही लोकांना हेच तर सांगत आलोय.

खरी चिंता डोमेनची. मुदत या महिनाअखेरीस संपते. आठवणीच्या मेल त्याच बंद खात्यात पडत असणार. डोमेनवाल्यांना लिहिलं तर ओळखपत्र मागितलं, आधार पाठवलं. डोमेन घेताना मी आपल्या पद्धतीनं नाव-आडनाव लिहिलं होतं. आधारवर मात्र इथल्या रिवाजाप्रमाणे आधी आडनाव, मग माझं नाव आणि त्याला चिकटलेलं "भाई", मग वडिलांचं नाव, त्यांनाही "भाई". पॅनवर भाई नाही, वाहन परवान्यावर आहे. उत्तर आलं, "नाव जुळत नाही", आणि तक्रार परस्पर बंद. आजोबांपासून दांडिया बाजारात राहणाऱ्या माणसानं आता स्वतःची ओळख पटवायची ती अशी.

घरच्या लॅपटॉपवर वर्डप्रेस अजून लॉगिन आहे, एवढीच जमेची बाजू. आधी काय वाचवू? आणि त्या पादऱ्याच्या गृहस्थांना पुन्हा फोन करावा का?

सेमीकोलन

आधी लॅपटॉप. ब्राउझर साफ करू नका, लॉगआउट तर मुळीच नको. वर्डप्रेसमध्ये लॉगिन करताना "माझी आठवण ठेवा"वर टिक केली असेल तर ते लॉगिन 14 दिवस टिकतं, नसेल तर 2 दिवस. म्हणजे हे आजच करायचं काम आहे.

नवा ईमेल काढा, तो दोन ठिकाणी बदला: सेटिंग्जमधल्या "सामान्य" पानावर आणि तुमच्या प्रोफाइलमध्ये. खात्रीचा दुवा नव्या पत्त्यावर येतो, जुन्यावर नाही, त्यामुळे अडणार नाही. मग साधनांमधून निर्यात करून फाइल उतरवून घ्या. त्या फाइलीत लेख आणि प्रतिक्रिया येतात. चित्रांचे फक्त पत्ते येतात, चित्रं नाहीत. चित्रांचं फोल्डर होस्टिंगमधून वेगळं काढावं लागेल.

मेलचं म्हणाल तर, बऱ्याच ठिकाणी "खातं परत मिळवण्याचा नंबर" आणि "दोन टप्प्यांच्या पडताळणीचा नंबर" हे दोन वेगळे रकाने असतात. एक बदलला की दुसरा आपोआप बदलत नाही आणि कंपन्या ते धड सांगतही नाहीत. तुमचं तेच झालेलं दिसतंय.

मांडवीकर

डोमेनची एवढी धास्ती घेऊ नका काका. डॉट कॉमची मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी उचलून नेत नाही. मुदतीनंतर कंपनीनुसार जास्तीत जास्त 45 दिवसांपर्यंत सवलत असते, नंतर 30 दिवस सोडवून घेण्याचे (यात दंड चांगलाच बसतो), मग रद्द होण्याच्या रांगेतले 5 दिवस, आणि मग ते खुलं होतं. पण सवलतीचे दिवस किती ठेवायचे हे कंपनीच्या मर्जीवर, आणि ब्लॉग मात्र मुदत संपल्यावर केव्हाही बंद पडू शकतो. त्यामुळे निवांतही राहू नका.

काही कंपन्या लॉगिन नसतानाही कुणालाही नूतनीकरणाचे पैसे भरू देतात. मालकी बदलत नाही, फक्त मुदत वाढते. त्यांना आधी एवढंच विचारा. ओळखीचा घोळ मग सावकाश निस्तरता येईल.

"भाई"चं दुखणं इथे घरोघरी आहे. माझ्या पासपोर्टाच्या वेळी हाच तमाशा झाला होता. दिवाळीपुऱ्याला कोर्टाबाहेर नोटरी बसतात, "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं सोगंदनामुं (प्रतिज्ञापत्र) करून घ्या. सोबत डोमेनचं जुनं बिल आणि ज्या कार्डानं पैसे भरले त्याच्या खात्याचा उतारा जोडा. परदेशी कंपनी असेल तर कागद इंग्रजीत करा, नाहीतर गुजराती शिक्का बघून पुन्हा परत पाठवतील.

निंबूपाणी

पादऱ्याच्या भाईंना ओटीपी मागू नका. त्यांनी दिला तरी घेऊ नका. ते योग्य वागतायत, त्यांची सवय बिघडवू नका. दुसरं म्हणजे, उद्या त्यांना खरंच कुणी फसवलं तर त्यांच्या फोनवर तुमचा नंबर आणि ओटीपीचं संभाषण सापडेल. ते कुणी सांगितलंय?

बंद झालेला नंबर 90 दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर देऊ शकतात. कायमच्या बंद नंबरांची यादी ट्राय (दूरसंचार नियामक) काढते, बँकांनी ती पडताळायची असते. तरी त्या भरवशावर राहू नका. बँक, आधार, एलआयसी, सगळीकडे जुना नंबर राहिला नाही ना, ते प्रत्यक्ष बघा.

मेल परत मिळवायचा प्रयत्न नेहमीच्याच लॅपटॉपवरून, घरूनच करा. दर दहा मिनिटांनी नको, मध्ये दोन-चार दिवस जाऊ द्या. जमलं नाही तर मेल कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, 2021च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्यांना तो नेमावाच लागतो. त्याच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर 30 दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं.

आणि हो, हा धागा वाचून तुम्हाला "खातं उघडून देतो" म्हणणारे व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतील. स्क्रीन शेअर करा म्हणतील. सरळ उडवा. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

कळफलक

सगळ्यांचे आभार. व्यनि दोन आलेसुद्धा! निंबूपाणी, तुमची जीभ काळी आहे.

वर्डप्रेसचा ईमेल बदलला, निर्यात झाली, चित्रं होस्टिंगवाल्यांनी फोनवर जुनं बिल विचारून खातं उघडून दिल्यावर काढली. हे लोक नावाच्या स्पेलिंगला अडले नाहीत, हे मुद्दाम नोंदवतो. डोमेनचे पैसे लॉगिन न करता भरता येतात हे मांडवीकर म्हणाले तसंच निघालं. भाच्याच्या कार्डावरून वर्षभराचे भरले आणि मुदतीची नवी तारीख हूइज शोधात (डोमेनची नोंद दाखवणाऱ्या) दिसतेय. सोगंदनामुं इंग्रजीत केलं आहे, आज पाठवतो.

मेल अजून बंदच. बँकेत जुना नंबर कुठेच नाही, पण एका जुन्या मुदत ठेवीच्या अर्जावर निघाला, तो बदलला. पादऱ्याला फोन केला नाही.

आता पुढचं. दोन टप्प्यांच्या पडताळणीला फोन नंबर ठेवायचाच नाही असं ठरवलंय. दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड देणारं ॲप वापरीन. पण फोनच हरवला तर? राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवणारे इथे कुणी आहेत का, आणि घरातल्यांना त्याबद्दल काय सांगून ठेवता?

सेमीकोलन

आहोत. दोन प्रती, एक कपाटात, एक बहिणीकडे. पाकिटावर "बँकेचं नाही, ब्लॉगचं" असं लिहिलंय, म्हणून कुणी उघडत नाही.