मदरसा, मकतब, दारुल उलूम : मराठीत नेमकं काय लिहायचं?

घोडबंदरकर :

ठाण्यातल्या एका छोट्या दिवाळी अंकाचं संपादन माझ्याकडे आहे. यंदा मुंब्र्याच्या एका तरुणाचा लेख आलाय. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग मुलांच्या निवासी धार्मिक संस्थेत शिक्षण, शेवटी बाहेरून दहावी. लेख झकास आहे, अडलंय ते शब्दांवर. तो एकाच लेखात मकतब, मदरसा, दारुल उलूम आणि शाळा असे चार शब्द वापरतो. आमच्या मुद्रितशोधकांनी एकसूत्रीपणा म्हणून सगळीकडे 'मदरसा' केलं. लेखकाने ते खोडून पुन्हा आपलं लिहिलं आणि समासात 'चारही वेगळे' एवढाच शेरा मारून पाठवलं.

शिवाय हे वाक्य पाहा : 'त्या वर्षी माझा आमोख्ता कच्चा निघाला आणि उस्तादांनी सबक बंद केला.' यातलं मला 'कच्चा' आणि 'बंद' तेवढं समजलं. प्रत्येक शब्दाला तळटीप द्यायची तर लेखापेक्षा तळटीपाच लांबतील. जाणकारांनी जरा हात द्यावा.

कौसेकर :

लेखकाचं बरोबर आहे, चारही वेगळे. मी याच वाटेने गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मकतब म्हणजे मशिदीत किंवा गल्लीतल्या एखाद्या खोलीत शाळेच्या आधी नाहीतर नंतर भरणारा वर्ग. तास-दोन तासांचा. गल्लीतली सगळी पोरं जातात आणि शाळाही चालू राहते. तिथे पहिलं पुस्तक असतं 'कायदा', म्हणजे अरबी अक्षरओळखीची अंकलिपी. मराठी शाळेत मी एकदा बाईंना अभिमानाने सांगितलं होतं, 'माझा कायदा संपला', तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या. कायद्यानंतर नाझरा, म्हणजे कुरआन पाहून वाचणं. बोलताना मात्र आम्ही यालाही मदरसाच म्हणायचो. 'मदरशाला जाऊन येतो' म्हणजे तासाभरात परत. मुद्रितशोधकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

लेखकाचा दुसरा मदरसा निवासी. तिथे राहून हिफ्ज करायचं, म्हणजे कुरआनचे तीसही पारे, म्हणजे भाग, तोंडपाठ करायचे. ते झाले की मुलगा हाफिज होतो. अनेकांचं शिक्षण इथेच थांबतं.

दारुल उलूम त्याच्या पुढचं. तिथे आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, होण्याचा कित्येक वर्षांचा अभ्यासक्रम असतो : अरबी व्याकरण, फिकह (धार्मिक कायदा), तर्कशास्त्र, शेवटच्या वर्षी हदीस (पैगंबरांची वचनं आणि आठवणी). या अभ्यासक्रमाला दर्स-ए-निज़ामी म्हणतात, लखनौच्या फिरंगी महलमधले अठराव्या शतकातले मुल्ला निज़ामुद्दीन यांच्या नावावरून. १८६६ साली देवबंदला दारुल उलूम निघालं, त्यानंतर हे नाव गावोगावच्या संस्थांनी घेतलं. त्यामुळे पाटीवर 'दारुल उलूम' आणि आत फक्त हिफ्जची पोरं, असंही पुष्कळ दिसतं. पाटी पाहून शब्द ठरवू नका.

आता तुमचं वाक्य. हिफ्जच्या मुलाचा दिवस तीन भागांत असतो. फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजानंतर तो उस्तादांसमोर बसून आदल्या दिवशी पाठ केलेला नवा मजकूर सुनावतो, तो सबक. मग गेल्या काही दिवसांचं पाठ, ते सबक-पारा. आणि दुपारी किंवा संध्याकाळी जुन्या पाऱ्यांपैकी एखादा, तो आमोख्ता. आमोख्त्याला मराठीत तयार शब्द आहे, उजळणी. आमोख्ता कच्चा निघाला की सबक बंद होतो, म्हणजे जुनं पक्कं होईस्तोवर नवं मिळत नाही. मारापेक्षा याची धास्ती मोठी असायची. बरोबरीची पोरं पुढच्या पाऱ्यात जातात आणि आपण त्याच तिपाईवर मागचं घोकत बसतो. (तिपाई म्हणजे जमिनीवर बसून वापरायचं बुटकं लांब बाक. नाव तिपाई असलं तरी पाय चार.)

वाचनालयवाली :

'सुनावतो' हा शब्द मला आवडला, पण मराठीत सुनावणं म्हणजे खडसावणं. 'मुलगा उस्तादांना सुनावतो' असं छापलंत तर वाचक चरकतील. 'म्हणून दाखवतो' करा.

कौसेकर :

खरंय. 'सबक सुनाना' इतकं तोंडात बसलंय की ते लक्षातच आलं नाही. 'म्हणून दाखवतो' हेच योग्य.

तालमीतला :

मी धार्मिक शिक्षणातला नाही, कुस्तीतला. पण ही यादी वाचताना मला आमचीच भाषा ऐकतोय असं वाटलं. आमचीही तालीमच. आमचाही वस्तादच, तुमचा उस्ताद तोच आमचा वस्ताद. 'तालमीत वस्तादांच्या हाताखाली राहून किताब मिळवला' हे वाक्य आमच्याकडे पैलवानाचं आणि तुमच्याकडे विद्यार्थ्याचं.

शब्दवेल्हाळ :

वाक्य फर्मास आहे, पण त्यातला एक शब्द चकवतो. तालीम हा अरबी शब्द, मूळ अर्थ शिकवणं, शिक्षण. तो मराठीत येऊन लाल मातीत उतरला आणि नाटकवाल्यांकडेही गेला, म्हणून 'रंगीत तालीम'. गांधीजींच्या 'नई तालीम'मध्ये मात्र तो मूळ अर्थाने राहिला. उस्तादचा वस्ताद झाला हेही ठीक. पण मराठी 'किताब' म्हणजे पदवी किंवा बहुमान, आणि तो 'खिताब'चा झालेला आहे. पुस्तकवाली किताब वेगळी. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, मराठीतला किताब पुल्लिंगी. लिंगावरूनच ओळखायचं.

असंच 'सनद'चं. दारुल उलूममधून बाहेर पडताना मिळतं ते प्रमाणपत्र म्हणजे सनद. आपण मराठीत प्रशासकीय सेवेतल्या माणसाला सनदी अधिकारी म्हणतो, सीएला सनदी लेखापाल म्हणतो. त्या न्यायाने आलिम झालेला प्रत्येक जण सनदीच.

आणि शिक्षण पुरं झालं की मुलगा 'फारिग' झाला म्हणतात, म्हणजे मोकळा झाला. मराठीतली 'फारकत' याच घराण्यातली, मुळात ती फारिग-खती, म्हणजे मोकळं केल्याचा लेख. आपल्याकडे तिने नवरा-बायकोचं बिनसल्यावरच दर्शन द्यायचं ठरवलंय.

कौसेकर :

'फारिग' जपून वापरा. बोलीत त्याचा अर्थ शौचाला जाऊन येणं असाही आहे. वसतिगृहात नवीन आलेल्या पोरांना यावरून बेजार केलं जायचं. 'तुझा भाऊ कुठून फारिग झाला?' असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत सगळी खोली फुटायची.

'जमात'ही सांभाळा. मराठी वाचकाला जमात म्हटलं की अनुसूचित जमाती आठवतात. आमच्याकडे एकत्र नमाज ती जमात, धर्मप्रचारासाठी बाहेर पडलेला गट ती जमात, आणि कोकणात गावातल्या मुसलमानांची पंचायत तीही जमातच. वर्गालाही काही ठिकाणी जमात म्हणतात. दारुल उलूममध्ये वर्ग सांगताना 'अरबी अव्वल', 'अरबी दोम' असं म्हणायचे. तुमच्या लेखात वर्ग या अर्थाने आलं असेल तर बेलाशक 'इयत्ता' करा, अर्थ कुठेच सांडत नाही. पण 'नागा' बदलू नका. गैरहजेरीला तिथे नागाच म्हणतात आणि माझी आजीही 'दूधवाल्याने आज नागा केला' म्हणायची.

राबोडीच्या बाई :

या यादीत 'शाळा' राहिली. तीच जास्त वादाची आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मराठी मैत्रिणी हमखास विचारतात, 'तुझ्या मदरशाला कधी सुट्टी लागते?' अगं, ती शाळा आहे! बालभारतीची पुस्तकं, बोर्डाची दहावी, आणि मराठी विषय सक्तीचा. फक्त माध्यम उर्दू. तसंच, नावात इस्लाम आहे म्हणून मदरसा होत नाही. १८७४ साली बदरुद्दीन तय्यबजी आणि इतरांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली ती मुसलमान मुलांना आधुनिक शिक्षण मिळावं म्हणूनच. तिच्या शाळेत जाणाऱ्याला 'मदरशात शिकला' म्हणणं साफ चूक.

दुसरी बाजूही सांगते. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि मदरसे, वैदिक पाठशाळा, मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. मग २०१५ च्या जुलैमध्ये राज्यात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. गणित, विज्ञान असे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायची की नाही यावर तेव्हा मोठं वादळ उठलं होतं. तुमच्या लेखकाने 'शाळाबाह्य' हा शब्द वापरलाय का?

घोडबंदरकर :

वापरलाय, तोही अवतरणात. 'पहाटे चारला उठून रात्री दहाला झोपणारा मी, सरकारी कागदावर शाळाबाह्य होतो.' मुद्रितशोधकांनी अवतरणचिन्हं काढली होती.

राबोडीच्या बाई :

लगेच परत घाला. त्या चिन्हांतच त्याचं म्हणणं आहे. पण एक शिक्षिका म्हणून मला तो शब्द सरकारी कागदापुरता चुकीचा वाटत नाही. हिफ्ज करून आलेली मुलं आमच्याकडे १७ नंबर फॉर्म (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) भरून दहावीला बसायची तयारी करायला येतात. स्मरणशक्ती अशी की आपण थक्क व्हावं. पान दाखवा, पान म्हणून दाखवतील. आणि त्रैराशिकाला अडतात, कारण अपूर्णांक कधी कोणी समोर ठेवलेलेच नाहीत. मुलगा हुशार आहे म्हणून ही उणीव भरून निघत नाही. 'शाळाबाह्य' अपमानकारक आहे, कबूल. पण तो शब्द पुसला तर त्या मुलाला गणित कोण देणार आहे?

कौसेकर :

बाई, माझा त्रैराशिकाशी तंटा नाही, ते मी मिसरूड फुटल्यावर शिकलो आणि तेव्हा फार राग आला होता. आमच्या संस्थेत आठवड्यातून एकदा हिशेबाचा तास कागदावर होता. प्रत्यक्षात त्या वेळी धान्याची पोती उतरवायला पोरं न्यायचे. तरीही 'बाह्य' म्हटलं की आम्ही रस्त्यावर हिंडत होतो असा भास होतो. कागदाला शब्द हवा तर 'औपचारिक शिक्षणाबाहेर' लिहा. लांब आहे, पण खोटा नाही.

नेरुळकर :

चर्चा गंभीर झालीये, म्हणून एक छोटी शंका. आमच्या सोसायटीतला एक मुलगा रमजानात 'मेहराब सुनवायला' पनवेलकडे जातो. मेहराब तर भिंतीतली कमान ना? ती कशी ऐकवतात?

कौसेकर :

बरोबर, मशिदीत इमाम जिथे उभा राहतो ती कमान. रमजानात रात्री तरावीहच्या नमाजात हाफिज संपूर्ण कुरआन तोंडपाठ म्हणतो. बऱ्याच ठिकाणी रोज सव्वा पारा, म्हणजे सत्ताविसाव्या रात्रीच्या आत पुरा होतो. कमानीत उभं राहून कुरआन ऐकवणं, म्हणून मेहराब सुनाना. पहिली मेहराब ही हिफ्जवाल्या पोराची खरी परीक्षा. त्याच्या मागे पहिल्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो, तो सामे, म्हणजे ऐकणारा. पुढचा अडला किंवा चुकला की सामे नमाजातच पुढचा शब्द देतो. त्याला म्हणतात लुकमा देणं. लुकमा म्हणजे घास.

अडण्याचेही प्रकार असतात. सगळ्यात वाईट म्हणजे मुतशाबा लागणं. कुरआनात मिळतीजुळती वाक्यं बरीच, तेव्हा सतराच्या पाढ्यातून नकळत एकोणिसाच्या पाढ्यात शिरावं तसा माणूस एका सूरेतून, म्हणजे अध्यायातून, दुसरीत शिरतो, आणि आपण शिरलोय हे त्याला कळत नाही. सूरे रहमानमध्ये एकच वाक्य एकतीस वेळा येतं. कितव्यांदा म्हणतोय ते निसटलं की पुढची आयत कोणती हे गेलंच. माझ्या पहिल्या मेहराबला तिथेच घाम फुटला होता, आणि मागून लुकमा इतक्या हळू आला की मला नुसता 'फ' ऐकू आला. तेवढ्यावर गाडी सुटली.

तालमीतला :

नाटकात याला 'वाक्य देणं' म्हणतात. गडकरी रंगायतनला एका हौशी प्रयोगात मी विंगेतून वाक्यं द्यायला बसायचो. पण 'घास देणं' जास्त छान आहे. उपाशी माणसाला दिल्यासारखं.

शब्दवेल्हाळ :

लुकमा तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच 'घास' हा अर्थ येऊ द्या. तळटीप नको. माझं मत सगळ्याच शब्दांबाबत हेच आहे. आमोख्ता, सबक, नाझरा संदर्भाने कळतात. तालीम, जमात, कायदा, सनद, किताब यांचीच भीती, कारण ते मराठी वाचकाला येतात असं त्याला वाटतं. तिथे संपादकाने मध्ये पडावं. तीच गोष्ट मौलवी, मौलाना, हाफिज, आलिम, मुफ्ती यांची. वृत्तपत्रं सरसकट 'मौलवी' लिहितात. हाफिजला पाठ असतं, आलिम दर्स पुरा केलेला, मुफ्ती त्यापुढे फतव्याचं शिक्षण घेतलेला. लेखकाने जे लिहिलंय तेच राहू द्या.

घोडबंदरकर :

ठरलं. चारही शब्द जसेच्या तसे, अवतरणं परत, 'सुनावतो'ऐवजी 'म्हणून दाखवतो'. आता एवढंच : सामान्यरूप. लेखक 'मदरशात' लिहितो, मुद्रितशोधक 'मदरस्यात' करतात.

वाचनालयवाली :

पैसा-पैशात, घसा-घशात, मासा-माशात. मग मदरसा-मदरशातच. मुद्रितशोधकांना सांगा, 'घस्यात' खवखवतंय म्हणून दाखवा.

कौसेकर :

आणि हाफिजला 'हाफिजाने' करू नका. 'हाफिजनी' किंवा 'हाफिजसाहेबांनी' लिहा. आमच्याकडे बारा वर्षांचं पोरगंही हाफिज झालं की त्याला कोणी अरे-तुरे करत नाही, त्याचे वडीलसुद्धा लोकांसमोर 'हाफिजसाहेब' म्हणतात. घरात मात्र दळण आणायला तोच जातो.