पॉवरएज आर७४०: फर्मवेअर अपडेट एफ१० मधून करायचं की आयड्रॅकमधून?

रॅक४२:
डेलचे पॉवरएज आर७४० असे चार सर्व्हर. आयड्रॅक९ एंटरप्राइझ (सर्व्हर दुरून सांभाळणारी चिप), पर्क एच७३०पी (डिस्क कंट्रोलर), विंडोज सर्व्हर २०१९, सी ड्राइव्हवर टीपीएमसह (सुरक्षा चिप) बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन). आयड्रॅकचं डेडिकेटेड पोर्ट वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) आहे आणि त्या व्हीलॅनला इंटरनेट नाही. आयड्रॅकला आयपी, गेटवे सगळं दिलंय, तरी एफ१० दाबून लाइफसायकल कंट्रोलरमध्ये (सर्व्हरमधलंच सेटअप-अपडेटचं साधन) गेलं की फर्मवेअर अपडेटमधून डेलच्या सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. चारही सर्व्हर एकाच फर्मवेअरवर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) आणायचेत आणि बायोस सेटिंग्जही सारखी करायचीत. क्रम कोणता ठेवावा?

पोस्टकोड:
आयड्रॅकचा आयपी इथे उपयोगाचा नाही. एफ१० च्या स्क्रीनला नेटवर्क लागतं ते होस्टच्या नेटवर्क कार्डावरून, आयड्रॅकच्या पोर्टवरून नाही. एफ१० मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क सेटिंग्ज उघडा. ज्या पोर्टला केबल आहे आणि लिंक आहे तोच पोर्ट निवडा. आयपी, डीएनएस आणि स्विचपोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारा) असेल तर व्हीलॅन आयडी भरा. पत्ता स्टॅटिक दिला की डीएनएसचा रकाना हमखास रिकामा राहतो, आणि मग नाव रिझॉल्व्हच होत नाही.

पण चार सर्व्हरसाठी हा खटाटोप नको. डेलच्या सपोर्ट पानावरून पॅकेजेस लॅपटॉपवर उतरवा आणि आयड्रॅकच्या वेब पानावर मेंटेनन्स, सिस्टम अपडेट इथून चढवा. फाइल ६४ बिट विंडोजची, डॉट ईएक्सईच घ्या, सर्व्हरवर लिनक्स असला तरीही. लिनक्ससाठीची डॉट बिन फाइल आयड्रॅक घेत नाही.

सगळ्यात आधी आयड्रॅक. त्याला होस्ट रीबूट लागत नाही. आयड्रॅक स्वतः रीस्टार्ट होतो, तेवढी काही मिनिटं वेब पान बंद राहतं. मग बायोस. त्यानंतर पर्क, नेटवर्क कार्ड, बॅकप्लेन (डिस्क जोडायचा बोर्ड), डिस्क एकत्र चढवून ‘इन्स्टॉल नेक्स्ट रीबूट’ दिलं तरी चालतं. सीपीएलडी (मदरबोर्डवरची नियंत्रण चिप) मात्र शेवटी आणि एकटा. व्हर्जन फार जुनं असेल तर थेट ताज्यावर उडी मारू नका. मधलं एखादं व्हर्जन आधी टाकावं लागतं का, ते रिलीज नोट्समध्ये लिहिलेलं असतं.

बायोसच्या आधी विंडोजमध्ये बिटलॉकर सस्पेंड करा. बायोस बदलला की टीपीएममधली मोजमापं बदलतात आणि पुढच्या बूटला रिकव्हरी की मागितली जाते. त्यामुळे ती ४८ अंकी की आधीच हाताशी असू द्या.

कॉन्फिगवाला:
सेटिंग्जसाठी सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रोफाइल (सगळ्या सेटिंग्जची फाइल) वापरा, पण फर्मवेअर चारही ठिकाणी सारखं झाल्यावरच. व्हर्जन वेगळं असेल तर काही अ‍ॅट्रिब्यूट समोरच्या सर्व्हरला माहीतच नसतात आणि इम्पोर्ट अर्धवट, चुकांसह संपतो.

एक सर्व्हर हाताने नीट लावा आणि त्याची प्रोफाइल एक्सपोर्ट करा. एक्सपोर्ट करताना फक्त बायोस निवडा. हे मी मुद्दाम सांगतोय. आयड्रॅकचा भाग घेतला तर स्टॅटिक आयपीही सोबत येऊ शकतो, आणि चारही आयड्रॅक एकाच पत्त्यावर बसतील. रेडचा (अनेक डिस्क एकत्र जोडण्याचा) भाग याहून धोक्याचा आहे: क्लोन किंवा रिप्लेस प्रकारच्या एक्सपोर्टमध्ये कंट्रोलर रीसेट करणारी ओळ ‘ट्रू’ असते. ती फाइल चालत्या सर्व्हरवर इम्पोर्ट केली की व्हर्च्युअल डिस्क गेल्या, डेटा गेला. रेडची फाइल कधी वापरायचीच असेल तर ती ओळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इम्पोर्टच्या आधी प्रीव्ह्यू चालवा. काय बसणार नाही ते कळतं आणि सर्व्हर रीबूट होत नाही. बूट मोड बायोस आहे की यूईएफआय, हेही चारही ठिकाणी ताडून बघा. तो बदलला तर आधी टाकलेलं विंडोज बूट होणार नाही.

रॅक४२:
धन्यवाद, दोन पोर्टांचा फरक लक्षात आला. नेटवर्क कार्डाचे विंडोज ड्रायव्हरही यातच अपडेट होतील का? आणि एका सर्व्हरवर जुना जॉब (रांगेत लावलेलं काम) ‘शेड्यूल्ड’ दिसतोय, तो काढावा का?

पोस्टकोड:
ड्रायव्हर यात येत नाहीत. लाइफसायकल कंट्रोलरमधला ड्रायव्हर पॅक ओएस नव्याने टाकतानाच कामाला येतो: ओएस डिप्लॉयमेंट चालवलं की ओईएमडीआरव्ही नावाचा ड्राइव्ह १८ तास दिसतो, मग आपोआप निघून जातो. तुमचं विंडोज चालू आहे, म्हणजे ड्रायव्हर विंडोजच्या आतूनच टाका आणि कार्डाच्या फर्मवेअरबरोबर त्याच फेरीत टाका. एक नवं नि एक जुनं ठेवलं की लिंक तुटण्यासारख्या तक्रारी येतात आणि कारण शोधताना जीव जातो.

जुना जॉब काढाच. त्याच घटकाचा एक जॉब रांगेत असेल तर दुसरा लागत नाही. वेब पानावर जॉब क्यूमधून डिलीट करा. हटला नाही तर रॅकॅडममधून (आयड्रॅकची कमांड लाइन) जॉबक्यू डिलीटला जेआयडी_क्लिअरऑल द्या, पण त्याने सगळी रांग पुसली जाते. तरीही अडला तर आयड्रॅक रीसेट करा. होस्ट चालूच राहतो.

आणि रीबूटनंतर ‘ऑटोमेटेड टास्क अ‍ॅप्लिकेशन’ची स्क्रीन बराच वेळ हलत नाही. तेव्हा पॉवर बटणाला हात लावू नका, प्रगती आयड्रॅकच्या जॉब क्यूमध्ये बघा. नवं व्हर्जन त्रास देऊ लागलं तर रोलबॅकमधून परत जाता येतं, पण मागचं एकच व्हर्जन साठवलेलं असतं. म्हणून एका घटकाची दोन अपडेट लागोपाठ टाकायची झाली तर पहिल्यानंतर सर्व्हर नीट चालतोय याची खात्री करूनच दुसरं टाका.